ताम्रपटावर ग्राइंडर कुणी फिरवला?

ताम्रपटावर रेघा असाव्यात की नसाव्यात, यावरून सध्या आमच्या घरात दोन तट पडले आहेत. एका बाजूला माझी मुलगी. ती पुस्तकांची मुखपृष्ठं करते आणि दिवसभर फोटोशॉपमध्ये असते. दुसऱ्या बाजूला माझा भाऊ, म्हणजे तिचा मामा. चिंचवडच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये त्याची हयात गेली. वादाला निमित्त झाली एक कादंबरी, उत्तर कोकणातल्या शिलाहारांच्या काळात घडणारी. प्रकाशकांना मुखपृष्ठावर ताम्रपट हवा आहे आणि त्यावर कोरल्यासारखं कादंबरीचं नाव. खऱ्या ताम्रपटाचा फोटो घेऊन भागत नाही, कारण त्यावर आधीच कुणाला तरी गाव दान दिलेलं असतं. पत्रा कोरा हवा, म्हणजे तो घडवायलाच हवा. मुलीनं तो पडद्यावर घडवला आणि मामानं तो पाहिला. पुढचं संभाषण मी जमेल तसं उतरवून घेतलं आहे. चहाचे आणि रुसव्याचे तुकडे गाळले आहेत.

मामा : या पत्र्यावर आडव्या रेघा कसल्या गं?

भाची : ब्रश्ड मेटल आहे ते. धातू वाटायला हवा ना.

मामा : ते दिसतंय. पण पाडल्या कुणी? एका मापाच्या, एका दिशेच्या, या काठापासून त्या काठापर्यंत कुठेही न तुटणाऱ्या रेघा हातानं निघत नाहीत. त्याला एमरीचा पट्टा लागतो आणि पट्टा फिरवायला मोटर. शिलाहारांच्या तांबटानं मोटर कुठून आणली?

भाची : जिथून मी पिक्सेल आणले तिथून. मामा, हे चित्र आहे.

मामा : चित्र आहे म्हणूनच विचारतोय. खऱ्या पत्र्याला कोण कशाला विचारेल!

भाची : बरं, मी काय केलं ते ऐक. करड्या रंगानं भरलेला एक लेयर घेतला. त्यावर ‘अ‍ॅड नॉइज’ मारला. त्यात ‘मोनोक्रोमॅटिक’वर खूण करायची, नाहीतर लाल-हिरवे ठिपके उठतात. मग मोशन ब्लर, कोन शून्य. ठिपके ओढले जाऊन त्यांच्या रेघा होतात. ब्लरमुळे काठाशी पट्टे खराब येतात, म्हणून चित्र मुळात मोठं घ्यायचं आणि काठ नंतर छाटायचे. लेव्हल्स आवळल्या की रेघा ठळक होतात. वर तांब्याच्या रंगाचा लेयर. झालं. शिकाऊ पोरांनाही ही कृती पाठ असते.

मामा : म्हणूनच सगळ्यांचा धातू एकाच कारखान्यातून आलेला दिसतो.

भाची : दिसू दे की. रेघ म्हणजे धातू, ही खूण लोकांच्या डोळ्यांत बसली आहे. अ‍ॅपलनं 1999 मध्ये क्विकटाइम 4 आणलं, तेव्हा त्याचा प्लेअर असाच घासलेल्या धातूचा होता. नंतर ते रूप मॅकवरच्या इतरही खिडक्यांना चढलं आणि 2007 च्या लेपर्डपर्यंत टिकलं. दुकानात पुस्तक बघणारा माणूस दोन सेकंद बघतो. ऑनलाइन घेणारा तर अंगठ्याच्या नखाएवढं चित्र बघतो. त्याला खूण पुरते, पुरावा लागत नाही.

मामा : ठीक आहे, ग्राइंडर होता असं धरून चालू. तरी चूक आहे. रेघा आडव्या आहेत आणि उजेडाचा पट्टाही तू आडवाच टाकलास.

भाची : मग?

मामा : स्वयंपाकघरातली स्टीलची ताटली आण. नवी, जिच्या बुडावर बारीक गोल रेघा आहेत ती. आता दिव्याखाली धर. रेघा गोल आहेत, पण चमक कशी पडली? मधून बाहेर. ताटली फिरव. चमक जागची हलते का? नाही. उजेड नेहमी रेघेला आडवा पसरतो. तुझ्या रेघा आडव्या असतील, तर चमक उभी पसरायला हवी.

(मुलगी बराच वेळ ताटली फिरवत बसली. या गुणाला संगणकचित्रांच्या शास्त्रात ‘अ‍ॅनायसोट्रॉपी’ म्हणतात आणि तो शब्द तिला ठाऊक होता. ताटलीत तो रोज जेवायला बसतो, हे तिच्या लक्षात आलं नव्हतं, एवढंच. कारण सोपं आहे. प्रत्येक रेघ म्हणजे एक अतिबारीक नळी. नळी लांबीच्या दिशेनं सरळ असते आणि रुंदीच्या दिशेनं वळलेली, म्हणून उजेड रुंदीच्या दिशेनं फाकतो. ताटलीसारखी गोल चकती करायची तर फोटोशॉपमध्ये नॉइजला ‘रेडियल ब्लर’चा फिरता पर्याय देतात आणि उजेडासाठी वर ‘अँगल ग्रेडियंट’ टाकतात. तो मधून बाहेर फाकतो, म्हणून पटतो. आडव्या रेघांवर आडवाच उजेड टाकलेले धातू मात्र ढिगानं सापडतात. आता मला ते जाहिरातींच्या फलकांवरही दिसू लागले आहेत आणि त्याचा त्रास होतो.)

भाची : चल, रेघा काढून टाकते. आता बघ काय उरलं ते.

तिनं रेघांचा लेयर बंद केला आणि पत्र्याचा पुठ्ठा झाला. तपकिरी, निर्जीव, चपलांच्या खोक्याला शोभेल असा. मामा गप्प बसला. मुलगी या क्षणाची वाट बघत असावी, कारण नंतर ती थांबेचना.

भाची : बघितलंस? तांब्याचा रंग तोच आहे. तरी तांबं नाही. कारण धातूला नुसता रंग देऊन चालत नाही. कागदावर पडलेला उजेड थोडा आत शिरतो, आतल्या कणांवर आपटून चहूकडे विखुरतो, म्हणून कागद कुठूनही बघितला तरी सारखाच दिसतो. धातूत उजेडाला आत शिरायला वाव नसतो. जो परत फिरतो, तो वरच्या वर. म्हणजे धातूकडे बघताना आपण खिडकी बघतो, भिंत बघतो, दिवा बघतो, स्वतःला बघतो. फक्त पत्र्याच्या खडबडीतपणानं ते पुसट झालेलं असतं.

मामा : पण तांबं तांबडं दिसतंच ना?

भाची : दिसतं, कारण परत फिरवताना ते निळा उजेड खातं. लाल उजेड शंभरातला नव्वदहून जास्त परत येतो, निळा जेमतेम निम्मा. त्यामुळे तांब्याची चमकसुद्धा तांबूसच हवी. इथेच सगळे फसतात. वरून पांढरा झगझगीत पट्टा देतात आणि तांब्याचं प्लॅस्टिक होतं. रॉबर्ट कुक आणि केनेथ टॉरन्स यांचा 1981 चा एक प्रसिद्ध निबंध आहे, त्यात हेच दाखवलंय. त्या आधीच्या संगणकचित्रांत चमक सरसकट पांढरी ठेवायची पद्धत होती, म्हणून सगळ्या वस्तू प्लॅस्टिकच्या वाटत. त्यांनी एक फुलदाणी तांबूस प्लॅस्टिकची काढली आणि एक तांब्याची. मुख्य फरक चमकेच्या रंगाचा.

मामा : फुलदाणी सोड, आपला तांब्याच घे. बाहेरून घासलेला तांब्या आणि आतून घासलेला तांब्या यांचा रंग वेगळा दिसतो. आत जास्त लाल. मला वाटायचं, आत हात नीट पोचत नाही म्हणून.

भाची : हात पोचतो रे! आत उजेड एकदा या बाजूला आपटतो, मग समोरच्या बाजूला, मग बाहेर येतो. प्रत्येक वेळी निळा निम्मा होतो. दोन धडकांत पावाच्या आसपास उरतो आणि लाल जवळजवळ तसाच. लेयरला ‘मल्टिप्लाय’ लावला की नेमका हाच गुणाकार होतो. म्हणून कोरलेल्या अक्षरांच्या खाचा मी काळ्या करणार नाही, लाल करणार. तांब्याचाच लेयर, त्याच्याच डोक्यावर, मल्टिप्लायमध्ये.

मामा : हे बेस आहे.

(‘हे बेस आहे’ ही त्याच्या तोंडची सर्वोच्च पदवी. मुलीनं ती ऐकून न ऐकल्यासारखं केलं.)

भाची : म्हणजे पुठ्ठ्यावरचा उपाय रेघा नव्हे, भोवताल. मी आता मऊ ग्रेडियंट काढून टाकते. त्याच्या जागी एका बाजूला खिडकीसारखा उजळ तुकडा, त्याला लागून एकदम अंधार, मग भिंतीचा मंद परतलेला उजेड. धातूत उजेड आणि अंधार शेजारी शेजारी राहतात, मध्ये पायऱ्या फार नसतात. हे सगळं थोडं ब्लर करायचं आणि ‘डिस्प्लेस’ फिल्टरनं पत्र्याच्या उंचसखलपणाप्रमाणे वाकवायचं. झाला धातू. खूण नको म्हणालास ना? ही खूण नाही, शास्त्र आहे.

मामा : तू म्हणतेस धातू म्हणजे भोवताल. मग तो धातू कुठे गेला?

भाची : म्हणजे?

मामा : टूलरूममध्ये जॉब, म्हणजे घडवलेला भाग, हातात घेतला की तो कुठल्या मशीनवरून आला ते न विचारता सांगता येतं. सरफेस ग्राइंडरच्या खुणा सरळ. लेथच्या गोल. मिलिंगच्या अर्धवट कमानी, एकीवर एक चढलेल्या. कानशीच्या तिरप्या, आणि माणसानं दिशा बदलून घासलं असेल तर फुल्या. भोवताल कुठलाही असो, जॉब आपली जन्मकथा अंगावर घेऊन फिरतो. तुझा पत्रा फार सुंदर चमकतोय, पण त्याला कुणी हात लावलेला नाही. तो जन्मलाच नाही.

भाची : हातोडीच्या खुणा देते मग. मठार. पुण्यात तांबट आळीतल्या भांड्यांवर असतात तशा.

मामा : अजिबात नको! मठारकाम म्हणजे भांडं घडून झाल्यावर गोल तोंडाच्या हातोडीनं ओळीत बसवलेले ठोके. प्रत्येक ठोका आरशासारखा, शेजाऱ्याला खेटून. त्यानं भांडं सजतं आणि ताठही होतं, कारण तांबं ठोकलं की कडक होतं. पण ताम्रपटावर लिहायचंय! लिहायच्या जागी कोण मुद्दाम खळगे पाडेल? तिथे तांब्याचा गोळा ठोकून ठोकून पसरायचा. मध्ये ते कडक झालं की तडकतं, म्हणून तापवून लाल करायचं, मऊ करायचं, पुन्हा ठोकायचं. शेवटी होईल तेवढं सपाट करून घासायचं. त्यामुळे खुणा उरतील त्या रुंद, उथळ, कुठे दिसतील कुठे नाही. सपाट करायचा प्रयत्न झालाय आणि तो पूर्ण साधला नाही, असा पत्रा मला हवा.

भाची : ‘प्रयत्न पूर्ण साधला नाही’ असा फिल्टर नसतो मामा.

मामा : म्हणून तर तू आहेस.

यानंतर बराच वेळ कुणी बोललं नाही, कारण ती काम करत होती. मी मागे उभी राहून बघितलं ते सांगते. पन्नास टक्के करड्या रंगाचा नवा लेयर. त्यावर मोठ्या, मऊ काठाच्या ब्रशनं फिकट आणि गडद ठिगळं, अंदाजानं, एकमेकांवर चढणारी. त्यावर ‘एम्बॉस’ फिल्टर, उंची अगदी कमी. मग लेयरला ‘ओव्हरले’. या ओव्हरलेची गंमत अशी की नेमका पन्नास टक्के करडा रंग त्यात अदृश्य होतो, काही करत नाही. त्याहून उजळ असेल ते खालचं चित्र उजळतं, गडद असेल ते काळवंडतं. त्यामुळे ठोक्यांचे उंचवटे तेवढे उरले. मग तिनं लेयरची तीव्रता इतकी खाली आणली की मला काही दिसेना. बंद करून दाखवला तेव्हा कळलं की दिसत होतं.

मामा : आता जरा जीव आला. पण हे डाग? हे काळपट ढग?

भाची : ‘क्लाउड्स’. हवेनं काळवंडलेलं तांबं.

मामा : हे पण यंत्रानंच टाकलेत ना? कारण नसलेले डाग आहेत.

भाची : कारण नसलेले नाहीत, मोजता न येणाऱ्या कारणांचे आहेत. हजार वर्षांत त्या पत्र्यावर किती बोटं लागली, किती दमट पावसाळे गेले, कुठे माती चिकटली, मी कुठून मोजू? केन पर्लिननं 1982 च्या ‘ट्रॉन’ चित्रपटासाठी काम केलं होतं. संगणकाच्या चित्रांचं ते यंत्रासारखं गुळगुळीतपण त्याला खटकलं, म्हणून त्यानं नॉइजची पद्धत काढली. 1985 मध्ये ती प्रसिद्ध केली. ऑस्कर देणाऱ्या अकादमीनं 1997 मध्ये तिच्यासाठी त्याला तांत्रिक पुरस्कार दिला. संगमरवर, ढग, गंज, सगळं तिच्यातून निघायला लागलं. जिंप नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात तर ‘पर्लिन नॉइज’ याच नावाचा फिल्टर आहे. तू ज्याला यंत्राचा डाग म्हणतोस, तो यंत्राचा सफाईदारपणा मोडण्यासाठीच शोधलेला आहे.

मामा : मान्य. डाग कसा दिसतो ते त्यानं सोडवलं. पण डाग कुठे पडतो? तुझे ढग उंचवट्यावर आहेत तेवढेच खळग्यात आहेत. काठावर आहेत तेवढेच मध्ये आहेत. अगं, उंच जागा हाताळून घासली जाते, खळग्यात मळ बसतो. डागाला कारण नसेल, जागा असते.

माझ्या मते या सगळ्या भांडणातलं कामाचं वाक्य हेच. नॉइज डागाचा पोत देतो, जागा देत नाही. जागा मास्क देतो, म्हणजे लेयर कुठे दिसावा आणि कुठे नाही ते ठरवणारं झाकण, आणि मास्क रंगवताना त्या वस्तूचं आयुष्य कसं गेलं ते ठाऊक असावं लागतं. मुलीनं पुढे तेच केलं. उंचसखलपणाचाच लेयर उलटा करून डागांना मास्क म्हणून लावला, तेव्हा ढग आपोआप खळग्यांत उतरले. उंच काठ तिनं ‘डॉज’नं हलकेच उजळले. पडद्यावरचा धातू पुष्कळदा फसतो तो इथे. गंजाचा सुंदर फोटो वरून पसरलेला असतो, पण पाणी जिथे साचलं असतं तिथे गंज नसतो आणि खिळ्याच्या डोक्याखालून ओघळलेला दिसत नाही. मामाला फिल्टरचा राग आहे तो मात्र मला पटत नाही. निसर्गही पुष्कळदा ठोकताळ्यानंच वागतो.

अक्षरांपाशी आल्यावर खरी जुंपली.

मामा : हे नाव कोरलेलं नाही. हे ओतलेलं आहे.

भाची : ‘बेव्हल अँड एम्बॉस’ आहे. ‘चिझल हार्ड’, दिशा खाली. याहून जास्त काय कोरू?

मामा : सगळ्या काठांना उतार एकसारखा, खोली एकसारखी, तळ सपाट. डायमधून दाबून काढलेली नेमप्लेट अशी असते. छिन्नी तांब्यात शिरते तेव्हा खाच इंग्रजी व्हीसारखी होते. ठोका मारला तिथे खोल, उचलली तिथे उथळ. वळणावर माणूस एका दमात वळत नाही, छोटे छोटे ठोके घेत वळतो. आणि तांबं मऊ, त्यामुळे बाजूला सरकलेलं तांबं खाचेच्या काठावर उभं राहतं. आम्ही त्याला बर म्हणतो. बोटाला लागते. तुझ्या अक्षराला बर नाही.

या मुद्द्यावर मी मध्ये पडले, कारण ग्रंथालयातून आणलेला वा. वि. मिराशींनी संपादित केलेला शिलाहारांच्या लेखांचा 1977 चा खंड माझ्याकडे होता. ताम्रपटांवर मजकूर आधी शाईनं लिहून घेत आणि मग कोरणारा त्यावरून छिन्नी चालवी, अशी रीत होती. कोरणाऱ्याला मजकूर वाचता येतच असे असं नाही, त्यामुळे चुका होत. चुकलेली जागा ठोकून बुजवत आणि तिथेच दुसरं अक्षर कोरत. खोल कोरलेलं पुष्कळदा पत्र्याच्या मागे उमटतं. अक्षरं घासली जाऊ नयेत म्हणून काठ उचलून घेत, पत्रे कडीत ओवत, आणि पहिल्या व शेवटच्या पत्र्याची बाहेरची बाजू कोरी सोडत. शिलाहारांच्या कडीवरच्या मुद्रेवर गरुड असतो.

भाची : आई, हे आधी का नाही सांगितलंस? काठ उचललेले हवेत! आणि या खंडातले हे लेखांचे ठसे बघ. कागद ओला करून लेखावर दाबून बसवायचा आणि वरून शाई टिपायची. वरच्या भागाला शाई लागते, खाचेत पोचत नाही. म्हणून अक्षर पांढरं, बाकी काळं. हा तर बम्प मॅप आहे!

मामा : काय मॅप?

भाची : जेम्स ब्लिननं 1978 मध्ये दाखवलं की पृष्ठभाग खरोखर उंचसखल करायची गरज नाही. उंची कुठे किती, ते काळ्यापांढऱ्या चित्रात नोंदवायचं आणि उजेडाचं गणित करताना तेवढं वाचायचं. पांढरं म्हणजे उंच, काळं म्हणजे खोल. ठशात फक्त उलटं आहे. म्हणजे मी नावाचा ठसा आधी हातानं काढते. छिन्नीचे ठोके, कमीजास्त खोली, एखादं बुजवून पुन्हा कोरलेलं अक्षर. मग रंग उलटे करते, कडेला बर म्हणून एक बारीक पांढरी रेघ देते, आणि उजेडाचं काम त्यावरून करून घेते. बेव्हलचं बटण नकोच.

मामा : एक लक्षात ठेव. या युक्तीनं पत्र्याची बाहेरची कड सरळच राहील.

भाची : तुला कसं कळलं? बम्पचा तो ज्ञात दोष आहे. आतला भाग फुगीर वाटतो, कड मात्र पट्टीनं आखल्यासारखी.

मामा : ठोकलेल्या पत्र्याची कड कधी पट्टीत नसते, एवढंच मला कळतं.

तिनं कड ‘लिक्विफाय’नं हातानं वाकवली.

मधल्या काळात मामानं बंडाचा एक प्रयत्न केला. त्याचं म्हणणं, एवढा खटाटोप कशाला, आपल्या माळ्यावर तांब्याचा बंब आहे, फोटो काढ आणि लाव. तिनं काढला. फोटोत बंबाच्या पोटावर ती स्वतः, मोबाइल, माळ्याची शिडी आणि खालून सूचना देणारा मामा असा कौटुंबिक देखावा आला. पाण्यावरची किंवा काचेवरची चकाकी पोलरायझिंग फिल्टरनं पुष्कळ कापता येते, धातूवरची तशी जात नाही. पांढरं कापड धरून, उजेड गाळून पुन्हा घेतला तेव्हा पोत छान आला, पण उजेड उजवीकडून होता आणि अक्षरांवरचा डावीकडून. एका पत्र्यावर दोन सूर्य चालत नाहीत. फोटोतला एक काळपट, ओरखडलेला तुकडा तिनं सॉफ्ट लाइटमध्ये, जेमतेम जाणवेल इतका वापरला. मामाला बंब मुखपृष्ठावर गेल्याचं समाधान मिळालं.

भाची : आता तुझ्या बाजूनं मी बोलते. पडद्यावर हे सगळं दिसतं, छापल्यावर अर्धं मरतं. पुस्तक डेमी, साडेपाच बाय साडेआठ इंच. 300 डीपीआयनं 1650 बाय 2550 पिक्सेल. म्हणजे एक पिक्सेल मिलिमीटरच्या बाराव्या हिश्शाएवढा. ऑफसेटच्या जाळीचा ठिपका त्याहून मोठा, त्यामुळे एका पिक्सेलचा नॉइज कागदावर पोचतच नाही. नुसता मळकटपणा येतो. म्हणून मी नॉइज निम्म्या आकारात करून दुप्पट वाढवते.

मामा : आणि चमक?

भाची : तिथे तर हद्द आहे. कागदाच्या पांढऱ्याहून उजळ काही छापताच येत नाही. त्यात माझी चमक तांबूस, म्हणजे त्याहून कमी. उपाय एकच, बाकी सगळं अंधारात ढकलायचं. आणि चार रंगांत फोडलं की पडद्यावरचा तो पेटलेला नारिंगी विझतो, म्हणून सुरुवातीपासून छपाईच्या रंगांतच बघत राहायचं. ग्रेडियंटसाठी फाइल 16 बिटची. आठ बिटांत प्रत्येक रंगाला 256 पायऱ्या, त्या अंधाऱ्या भागात पट्ट्यांसारख्या दिसतात.

मामा : मॅट लॅमिनेशन करून अक्षरांवर ती चकचकीत वार्निश देतात ना, काय ते...

भाची : स्पॉट यूव्ही. प्रकाशकांनीही तेच सुचवलंय. पण विचार कर, खाच खोल आणि मळकी आहे, आणि चमकणार तीच? पत्रा मॅट आणि खाच ओली? मी म्हटलं, द्यायचाच तर उचललेल्या काठांना द्या, जिथे हात लागतो तिथे.

मामा : आता तू माझ्यासारखी बोलायला लागलीस.

भाची : नाही, मी उजेडाचं बोलतेय. तू हाताचं बोलतोस.

प्रकाशकांचा शेवटचा निरोप हिरव्या रंगाबद्दल होता. ‘प्राचीन वाटेल असं थोडं हिरवं करा.’ मुलीचा कल मान्य करण्याकडे होता, कारण हिरवा डाग हीही एक खूण आहे आणि तपकिरी मुखपृष्ठावर तो उठून दिसतो. मामा म्हणाला, हिरवं चढतं ते ओल धरून राहणाऱ्या जागी. जपून ठेवलेला, साफ केलेला पत्रा तपकिरी-काळपटच असतो. शेवटी हिरव्याला एकच जागा मिळाली, कडी जिथून ओवतात त्या भोकाभोवती. तिथे धातूवर धातू टेकतो आणि ओल सुकायला वेळ लागतो. मी दोघांच्याही बाजूनं मत दिलं नाही, पण मला विचाराल तर तेवढं हिरवंही जास्त आहे.

मामा : त्या भोकाची कड मात्र सगळीकडून सारखी ठेवू नकोस. कडी लोंबते, तिचं वजन एकाच बाजूला पडतं. त्या बाजूला भोक जरा लांबट होईल, आणि झिजलेली जागा बाकीपेक्षा उजळ.

भाची : किती लांबट?

मामा : अर्धा मिलिमीटर. पत्रा खऱ्या मापाचा दाखवतेयस ना?

भाची : हो. म्हणजे सहा पिक्सेल. कुठल्या बाजूला?